चुलाण ज्याने बांधलं त्याचा कंपायलर

"सर, चिप इंटेलची आहे ना? मग इंटेलच्याच कंपायलरने अख्खं लिनक्स बांधून काढलं तर मशीन पळायला नको का?"

विचारणारा पोरगा दौंड तालुक्यातला, केडगावच्या पलीकडचा. चौफुला, न्हावरे करत रोज शिरूरला यायचा. घरी गुऱ्हाळ. लॅबमधलं त्याच्या वाट्याला आलेलं जुनं मशीन चालू करून माणूस चहा पिऊन आला तरी लॉगिन दिसायचं नाही, आणि त्यावर त्याने स्वतःच हा उपाय काढला होता. प्रश्न अजिबात बावळट नाही. या एका प्रश्नावर जगातल्या बऱ्याच हुशार माणसांनी वर्षं घातली आहेत. मात्र त्याचं उत्तर हो-नाही एवढ्यात मिळत नाही. शोधत गेलं की आपण शिरूरच्या लॅबमधून निघून पुण्यात पाषाणला, हवामानाच्या महासंगणकापाशी जाऊन पोचतो आणि तिथून पुन्हा लॅबमध्येच परत येतो.

कंपायलर म्हणजे काय, हे आधी उरकून टाकू. आपण सी किंवा फोर्ट्रानमध्ये लिहितो ते चिपला कळत नाही. चिपला फक्त तिच्या स्वतःच्या बारीकसारीक आज्ञा कळतात: हा आकडा उचल, तो त्यात मिळव, तिकडे ठेव. आपलं लिखाण या आज्ञांमध्ये उतरवून देणारा प्रोग्राम म्हणजे कंपायलर. खरी गोम अशी की एकच ओळ उतरवायच्या पाच-पन्नास रीती असतात. उत्तर प्रत्येक रीतीने तेच येतं, वेळ मात्र वेगवेगळा लागतो.

त्या पोराला मी गुऱ्हाळाचंच उदाहरण दिलं. ऊस तोच, काहील तीच, पण ज्या गवंड्याने चुलाण बांधलं त्याला जाळ कुठे जास्त लागतो, धूर कुठून ओढला जातो, हे कुणी सांगावं लागत नाही. चिप बनवणारी कंपनी म्हणजे तो गवंडी. बेरजेचे किती विभाग आत बसवलेत, गुणाकाराला चिपच्या घड्याळाचे किती ठोके लागतात, जवळची मेमरी किती आणि लांबची किती दूर, हे तिला चिप बाजारात यायच्या आधीपासून माहीत असतं. तिने स्वतः लिहिलेला कंपायलर या माहितीवर चालतो. इंटेलचा आहे, एएमडीचा एओसीसी नावाचा आहे, एनव्हिडियाचा, क्रेचा, आयबीएमचाही आहे. उलट जीसीसी हा सगळ्यांचा. रिचर्ड स्टॉलमनने १९८७ मध्ये तो पहिल्यांदा बाहेर आणला आणि आज तो बहुतेक साऱ्या चिपांसाठी चालतो, म्हणजे गावोगाव फिरून कुठलंही चुलाण बांधून देणारा कारागीर.

ही चाल नवी नाही. आयबीएमने ७०४ या आपल्या संगणकासाठी १९५७ मध्ये फोर्ट्रान आणलं, तेव्हा कंपायलरही आयबीएमचाच होता. हाताने आज्ञा लिहिणाऱ्यांपेक्षा तो फार मागे पडला तर कुणी वापरणार नाही, ही जॉन बॅकस आणि त्याच्या सहकाऱ्यांची धास्ती होती, म्हणून वेगाचा विचार त्यात पहिल्या दिवसापासून आला. आपल्याकडे पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक सुरू झालं. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा राहिला, त्यात इनमॉस कंपनीच्या ट्रान्सप्युटर नावाच्या चिपा होत्या. या चिपा आणि ऑकम ही भाषा इनमॉसने एकमेकींना धरूनच घडवल्या होत्या. पुढे परम १०००० मध्ये सन कंपनीच्या अल्ट्रास्पार्क चिपा आल्या, परम पद्ममध्ये आयबीएमच्या पॉवर ४. सनच्या मशीनवर सोलारिस ही ऑपरेटिंग सिस्टीम चालायची आणि सोलारिसचा गाभा सनच्याच कंपायलरने बांधलेला असायचा. चिप, कंपायलर आणि ऑपरेटिंग सिस्टीम एकाच घरातली. आमच्या पोराला सुचलेली कल्पना तिथे रोजचा रिवाज होती. लिनक्स आलं आणि ही घरं वेगळी झाली.

आता कंपनीचा कंपायलर नेमकं काय वेगळं करतो ते जवळून बघू. एक साधा लूप घ्या. दहा हजार ठिकाणचं तापमान एका रांगेत आहे, त्यात होणारा बदल दुसऱ्या रांगेत, आणि प्रत्येक ठिकाणी दोघांची बेरीज करायची आहे. सरळ उतरवलं तर चिप एक आकडा उचलते, दुसरा उचलते, मिळवते, ठेवते, मग पुढच्याकडे वळते. असं दहा हजार वेळा. पण गेल्या दहा-बारा वर्षांतल्या बऱ्याच इंटेल-एएमडी चिपांत २५६ बिटांची रुंद रजिस्टरं, म्हणजे आकडे ठेवायचे चिपच्या आतले कप्पे, असतात. त्यांत ६४ बिटांचे चार आकडे शेजारी-शेजारी मावतात आणि चारही बेरजा एकाच आज्ञेत होतात. काही चिपांत हीच रुंदी ५१२ बिटांची असते, तिथे आठ. पाट्यांनी माती वाहणारे मजूर आणि ट्रॅक्टरची ट्रॉली यांत जो फरक, तो इथे आहे.

मग प्रत्येक कंपायलर ट्रॉलीच का वापरत नाही? कारण त्याला आधी खात्री करून घ्यावी लागते. उत्तराची रांग मेमरीत मूळ रांगेवरच चढत असेल तर चार-चार आकडे एकदम उचलणं चूक ठरतं, कारण दुसरा आकडा पहिल्याच्या उत्तरावर अवलंबून असू शकतो. ही खात्री पटवणं, न पटली तर दोन्ही तऱ्हेचा माल तयार ठेवून चालताना निवड करणं, पुढे लागणारे आकडे आधीच जवळच्या मेमरीत ओढून ठेवणं, लूप उलगडून मधली फिरणी वाचवणं, अशा कामांत कंपन्यांनी आपली माणसं वर्षानुवर्षं बसवली. जीसीसीही आता यात बराच पुढे आला आहे. फरक पूर्वीइतका राहिलेला नाही, पण आकड्यांच्या जड कामात तो अजून दिसतो.

आकड्यांचं जड काम आपल्याला सर्वांत जवळचं कुठलं, तर पाऊस. शिरूर आणि दौंड दोन्ही पर्जन्यछायेतले तालुके. कांदा काढून शेतात पडलेला असतो किंवा गुळाच्या ढेपा बाहेर असतात, तेव्हा आज संध्याकाळी आभाळ येणार का, हा प्रश्न थेट पैशांचा असतो. त्याचं उत्तर जिथे शिजतं ती जागा म्हणजे पाषाणची भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था. तिथे जानेवारी २०१८ मध्ये प्रत्यूष हा महासंगणक सुरू झाला: क्रे कंपनीचा एक्ससी ४०, आत इंटेलच्या झिऑन चिपा, ताकद ४ पेटाफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला चार हजार लाख कोटी आकडेमोडी. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच्या जोडीला अर्क आला. त्याची ताकद ११.७७ पेटाफ्लॉप्स आणि चिपा एएमडीच्या.

जागतिक हवामानाचं प्रारूप पृथ्वीवर चौकटी आखतं आणि प्रत्येक चौकटीतला वारा, दाब, ओल, तापमान थोड्या-थोड्या वेळाने पुढे सरकवत नेतं. प्रत्यूषवर ही चौकट १२ किलोमीटरची होती. मे २०२५ मध्ये भारत फोरकास्ट सिस्टीम सुरू झाली, तिची चौकट ६ किलोमीटरची. शिरूर ते दौंड सरळ रेषेत पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास भरतं. म्हणजे आधी या दोन गावांमध्ये जेमतेम चार चौकटी मावायच्या, आता सात-आठ मावतात. घोडनदीकाठचं आभाळ आणि भीमाकाठचं आभाळ प्रारूपाला थोडं तरी वेगळं दिसायला लागलं, ते यामुळे.

याची किंमत हिशोबाने काढून बघा. चौकट लांबीने निम्मी आणि रुंदीने निम्मी केली की चौकटींची संख्या चौपट होते. चौकट लहान झाली की वेळेचं पाऊलही तितकंच आखूड टाकावं लागतं, नाही तर वारा एका पावलात चौकट ओलांडून जातो आणि गणित कोलमडतं. म्हणजे आणखी दुप्पट. एकूण काम आठपट, तेही उभे थर तेवढेच ठेवले तर. आणि अंदाजाला मुदत असते. उद्याच्या पावसाचा अंदाज परवा तयार झाला तर त्याचा कुणाला काय उपयोग? अशा ठिकाणी कंपायलरने दहा टक्के वेळ वाचवला तरी त्याची किंमत कोटींत होते, कारण तेवढाच वेग मशीन वाढवून मिळवायचा तर कपाटंच्या कपाटं विकत घ्यावी लागतात. म्हणून क्रेच्या मशीनवर क्रेचा, इंटेलचा आणि जीसीसी असे कंपायलर शेजारी-शेजारी ठेवलेले असतात. आज्ञा एकच द्यायची, फक्त मागचा संच बदलायचा आणि तेच प्रारूप दुसऱ्या कंपायलरने बांधून पाहायचं. कुठल्या भागाला कोण लागू पडतो हे कागदावर ठरत नाही, चालवून घड्याळ लावावं लागतं.

इथे एक धोका आहे आणि माझ्या मते तो वेगापेक्षा महत्त्वाचा. संगणकातली दशांशाची बेरीज ही शाळेतली बेरीज नव्हे. मोजक्याच अंकांत आकडा बसवायचा म्हणून प्रत्येक पायरीला शेवटचा अंक थोडा घासला जातो. त्यामुळे आधी पहिले दोन मिळवून मग तिसरा मिळवला, की आधी शेवटचे दोन मिळवले, यावर उत्तराचं शेपूट बदलतं. वेग मिळवायचा तर कंपायलरला बेरजांचा क्रम बदलावा लागतो. इंटेलचा कंपायलर, तुम्ही मनाई केली नाहीत तर, अशी थोडी सूट आपण होऊन घेतो. जीसीसी सांगितल्याशिवाय घेत नाही. दोघांच्या वेगाची तुलना करणारे पुष्कळ लोक हे विसरतात आणि मग तणाला पीक म्हणून मोजतात.

हवामानात शेपटाला किती वजन असतं, हे हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लोरेन्झला १९६१ मध्ये कळलं. त्याने आपलं छोटं प्रारूप मधूनच पुन्हा सुरू केलं आणि ०.५०६१२७ च्या जागी छापील कागदावरचा ०.५०६ भरला. थोडा वेळ दोन्ही धावा बरोबर चालल्या, मग इतक्या फाकल्या की त्या एकाच हवामानाच्या आहेत असं वाटेना. त्यामुळे जाणती माणसं कंपायलर बदलला की आधी जुन्या आणि नव्या उत्तरांची सांगड घालतात, आणि वेग मग बघतात.

दुसरी भानगड घराण्याची. इंटेलच्या कंपायलरने बांधलेला प्रोग्राम चालू होताना चिपला तिचं नाव विचारायचा. इंटेलची निघाली तर रुंद रजिस्टरांची वाट, दुसऱ्या कुणाची निघाली तर तिला ती आज्ञा येत असली तरी साधी वाट. डेन्मार्कच्या अग्नेर फॉग यांनी हे तपशिलात दाखवून दिलं. २००९ मध्ये इंटेलने एएमडीशी १२५ कोटी डॉलरचा समझोता केला. तो मुख्यतः व्यापारातल्या दांडगाईबद्दल होता, पण हा मुद्दाही त्या भांडणात होता. पुढच्या वर्षी अमेरिकी व्यापार आयोगाशी झालेल्या समझोत्यात, दुसऱ्या चिपांवर आपला कंपायलर तितका वेग देईलच असं नाही हे ग्राहकाला सांगणं इंटेलला भाग पडलं. प्रत्यूषच्या चिपा इंटेलच्या आणि अर्कच्या एएमडीच्या, हे वर सांगितलंच. अशा मुक्कामबदलात कंपायलरची निवड पहिल्यापासून करावी लागते.

आता लॅबमध्ये परत येऊ. हे सगळं प्रारूपाला लागू पडतं, तर लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला का नाही?

कारण कर्नल बेरजा करत बसत नाही. फाइल मागितली की ती डिस्कवर कुठे आहे ते शोधणं, मेमरीची पानं वाटणं, कुणाचा नंबर आधी ते ठरवणं, नेटवर्कवरून आलेलं पाकीट योग्य प्रोग्रामच्या दारात टाकणं, अशी त्याची कामं आहेत. मामलेदार कचेरीतल्या कारकुनासारखी. या वहीत बघ, तिच्यात दुसऱ्या वहीचा नंबर, ती काढ, तिच्यात तिसरीचा. मेमरीत एका जागेवरून दुसरीकडे आणि तिथून तिसरीकडे उड्या. जवळच्या मेमरीतून, म्हणजे कॅशमधून, आकडा चार-पाच ठोक्यांत मिळतो, तोच मुख्य मेमरीतून आणायला शेकडो ठोके जातात, आणि तेवढा वेळ चिप थांबून राहते. अशा उड्यांमधला थांबण्याचा वेळ कुठल्याही कंपायलरला फारसा वाचवता येत नाही. शिवाय रुंद रजिस्टरं वापरायला कर्नलमध्ये सर्वसाधारणपणे मनाईच असते. ती वापरली तर प्रत्येक वेळी आधीच्या प्रोग्रामचा तिथला ऐवज उचलून ठेवावा आणि परत मांडावा लागेल. म्हणजे ट्रॉली दारात उभी आहे, पण बोळात शिरत नाही.

जिथे खरोखर आकडेमोड आहे तिथे कर्नलने आपली सोय केव्हाच करून ठेवली आहे. दोन डिस्क बिघडल्या तरी माहिती टिकवणाऱ्या रेड ६ मांडणीसाठी लागणारं गणित त्याच्यात अनेक तऱ्हांनी लिहिलेलं असतं. ज्या मशीनवर ते लागतं तिथे चालू होताना प्रत्येक तऱ्हा क्षणभर पळवून बघितली जाते आणि सर्वांत वेगवान ठेवली जाते. डी-मेसेज ही आज्ञा देऊन रेड ६ अशी अक्षरं शोधलीत तर ही शर्यत आकड्यांसकट छापलेली दिसते. मेमरीतून मेमरीत नक्कल करणाऱ्या आज्ञाही चिप बघून चालू होतानाच बदलून घेतल्या जातात. चांगल्या कंपायलरने जे काम करावं, ते इथे माणसांनी हाताने करून ठेवलेलं आहे.

तरी प्रयत्न झाले. २००९ मध्ये लिनक्स-डीएनए नावाच्या प्रकल्पाने इंटेलच्या कंपायलरने कर्नल बांधून दाखवला आणि काही भाग ४० टक्क्यांपर्यंत, सरासरीने आठ-नऊ टक्के वेगवान होतील असा दावा केला. तो फार पुढे गेला नाही. कर्नल शुद्ध सी भाषेत नाही, जीसीसीच्या बोलीत लिहिलेला आहे, आणि दुसऱ्या कंपायलरला ही बोली शिकवत बसावं लागतं. क्लँगसारख्या तगड्या कंपायलरलाही त्यातला 'असेम गोटू' हा एक वाक्प्रयोग येईपर्यंत २०१९ उजाडलं. इंटेलच्या कंपायलरसाठी कर्नलमध्ये एक फाइल होती, ती वापरणारं कुणी उरलं नाही म्हणून २०२३ मध्ये काढून टाकली. त्याच वर्षाच्या अखेरीस इंटेलने आपला तो जुना सी कंपायलरच बंद केला. आताचा नवा एलएलव्हीएम या खुल्या कंपायलर-संचाच्या पायावर उभा आहे. एएमडीचा आणि आर्मचाही त्याच पायावर. गवंडी वेगवेगळे, पण विटा एकाच भट्टीच्या, अशी आता स्थिती आहे.

कर्नलला फायदा झाला तो वेगळ्या वाटेने. गूगलने आपल्या अँड्रॉइड फोनांत २०१७ पासून क्लँगने बांधलेला कर्नल घातला. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या ६.१३ या आवृत्तीत ऑटो-एफडीओची सोय झाली: कर्नल खऱ्या कामावर चालवायचा, कुठल्या वाटेने तो जास्त जातो याची नोंद घ्यायची आणि ती नोंद समोर ठेवून पुन्हा बांधायचा. इथे चिपची माहिती दुय्यम, आपल्या कामाची माहिती मुख्य.

पोराचं समाधान नुसत्या बोलण्याने होणार नव्हतं, म्हणून घरी क्लँगने कर्नल बांधला. पहिल्या रात्री लाइट गेली. दुसऱ्या रात्री डिस्क भरली. तिसऱ्या रात्री झाला. सकाळी दोघांनी घड्याळ लावून दोन्ही कर्नल चालू करून पाहिले. कुठला कुठला, ते डोळे मिटून सांगता आलं नसतं.

मग त्याला 'टाइम' ही आज्ञा दाखवली. कुठल्याही कामाच्या आधी ती लिहिली की शेवटी तीन आकडे येतात: रिअल म्हणजे भिंतीवरच्या घड्याळाचा वेळ, युजर म्हणजे प्रोग्रामने चिपवर घालवलेला वेळ, सिस म्हणजे त्या कामासाठी कर्नलने घालवलेला. समजा रिअल १०० सेकंद, युजर ३० आणि सिस ४. म्हणजे कर्नल दुप्पट वेगाने पळवला तरी शंभरातले दोनच वाचणार. जीन अमडालने १९६७ मध्ये मांडलेला नियम याहून वेगळं काही सांगत नाही. उरलेले ६६ सेकंद चिप रिकामी बसून कुणाची तरी वाट पाहत होती. जड हिशोबाच्या कामात युजरचा आकडा मोठा येतो, आणि चिपवाल्याच्या कंपायलरचं राज्य तिथे. लॅबच्या त्या मशीनवर युजर आणि सिस दोन्ही किरकोळ होते आणि रिअल डोंगराएवढा.

वाट डिस्कची पाहिली जात होती. जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, बाकी काही बदललं नाही. आता चहाला जायच्या आत लॉगिन येतं. तुमच्या लिनक्सवर 'कॅट स्लॅश प्रॉक स्लॅश व्हर्जन' अशी आज्ञा दिलीत तर कर्नल कुठल्या कंपायलरने बांधलाय ते छापून येतं. त्या मशीनवर तिथे अजूनही जीसीसीच लिहिलेलं आहे.